विकतच्या पिठाचा रोट

लोणखेडा, ता. शहादा
रविवार, २ मार्च २०२५

चि. रेवा हीस मोठ्या बाबाचे भरपूर आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पोस्टमनने ते चक्कीवर आणून दिलं आणि सही घेऊनही तो पाच मिनिटं उभाच राहिला. ओहायोहून कोणी लिहिलं, ते त्याला ऐकायचं होतं. मी म्हटलं, थांब, आधी मला तरी कळू दे.

पत्र इंग्रजीत, म्हणून चेतनाने वाचून दाखवलं. चेतना म्हणजे माझी मुलगी, तुझी मोठी चुलत बहीण. इथल्याच कॉलेजात इंग्रजी घेऊन शेवटच्या वर्षाला आहे. माझं पत्र मराठीत, तेव्हा ते तुला पप्पा वाचून दाखवणार. चेतना या कागदांचे फोटो काढून पप्पांच्या फोनवर पाठवेल, मूळ कागद मागाहून पोस्टाने येतील. म्हणजे दोन्हीकडे मध्ये एकेक वाचणारा बसलेला आहे. चेतना एकही शब्द गाळत नाही. पप्पांनाही सांग, गाळायचं नाही.

तुमच्या वर्गाने नातेवाइकांना हाताने पत्र लिहून त्यांच्या घरच्या खाण्याविषयी विचारायचं ठरवलं, हे फार चांगलं केलं. तू पाठवलेला तक्ता समोर आहे. पदार्थाचं नाव, आणि पुढे दोन चौकटी. एक होममेड, दुसरी स्टोअर-बॉट. चेतनाने अर्थ सांगितला. घरी केलेलं आणि दुकानातून विकत आणलेलं. भाकरी घरची, लोणचं घरचं, शेव विकतची, बिस्किट विकतचं. इथपर्यंत भराभर झालं. मग पीठ आलं आणि मी अडकलो.

मी चक्कीवाला आहे. लोक आपल्या शेतातले गहू-ज्वारी डब्यातून आणतात, मी दळून देतो, ते डबा उचलून नेतात. धान्य त्यांचं, दगड माझा. मग पीठ कोणत्या चौकटीत घालू? चेतना म्हणाली, दोन्हींच्या मधल्या रेषेवर खूण करा. केली आहे. बाईंनी मार्क कापले तर माझ्या नावावर कापायला सांग.

तुझ्या आजीला, म्हणजे माझ्या मायला, गजराबाईंना, तक्ता ऐकवला. तिने तोंडातली कवळी काढून तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "हाई लिख. दात, इकतना." इकतना म्हणजे विकतचे. ते खाण्यात धरत नाहीत म्हटलं, तर म्हणे, "खावाले लागतस ना? मंग धराना."

या शब्दाविषयी मला आणखी जाणून घ्यायचं आहे. तुम्ही लोक तो कुठे कुठे लावता आणि तेव्हा तोंड कसं करता, ते लिही. आम्ही 'विकतचं' म्हणतो तेव्हा तोंड जरा वाकडं होतं.

पत्राच्या शेवटी तू विचारलंस, पप्पा आजीशी बोलतात, चेतनाशी बोलतात, मग तुमच्याशी का नाही? आमच्या चक्कीवर फोनची रेंज येत नाही.

तुझा
मोठा बाबा, लोटन


लोणखेडा
बुधवार, ३० एप्रिल २०२५, आखाजी

चि. रेवा,

आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सासरच्या मुली माहेरी आल्या आहेत, निंबाला झोके बांधले आहेत आणि चक्की दुपारपासून बंद. म्हणून निवांत लिहितो.

तुझी उदाहरणं पोचली. नऊ आहेत. चेतनाने ती मला दोनदा वाचून दाखवली आणि मी वहीत उतरवून घेतली. हा शब्द वस्तूच्या नावाच्या आधी येतो. स्टोअर-बॉट ब्रेड, स्टोअर-बॉट केक. चेतनाचे सर म्हणाले, इंग्लंडात त्याच्या जागी शॉप-बॉट म्हणतात. खिशाला काही फरक नाही.

मी चार दिवस चक्कीवर बसून तुझी उदाहरणं फिरवत होतो. एक गोष्ट ध्यानात आली. तू कुठेच स्टोअर-बॉट मोटार किंवा स्टोअर-बॉट टीव्ही लिहिलेलं नाहीस. मी चेतनाला विचारलं, असं म्हणतात का? म्हणाली, नाही, कुणी म्हणत नाही. बरोबरच आहे. मोटार कोण घरी करतं? जी वस्तू घरी होऊ शकली असती तिलाच हा शब्द लागतो. म्हणजे तो शब्द उच्चारला की समजावं, ही वस्तू घरी करणारा कोणीतरी बोलणाऱ्याच्या मनात उभा आहे. मग ती त्याची आई असेल, आजी असेल, नाहीतर तो स्वतः, ज्याला आज वेळ मिळाला नाही.

तू लिहिलंस की पाककृती सांगणाऱ्या बाया शेवटी म्हणतात, स्टोअर-बॉट इज फाइन. विकतचं असलं तरी चालेल. ते वाक्य मला आवडलं. चालणारच असेल तर सांगावं कशाला लागतं? कोणाला तरी वाटत असणार की चालणार नाही.

पण सगळ्यांत चांगली गोष्ट तुझ्या मम्मीच्या आजीची. शेतावरच्या त्या म्हातारीला लहानपणी सगळे कपडे आईच्या हातचे, पिठाच्या पिशव्यांच्या कापडाचे. बारा वर्षांची झाली तेव्हा पहिला स्टोअर-बॉट फ्रॉक मिळाला, आणि तो दिसावा म्हणून ती थंडीतही कोट न घालता शाळेत गेली! म्हणजे त्या काळी हा शब्द मान ताठ करून म्हणत होते. रेवा, अगदी हेच आमच्याकडे. मी सातवीत असताना तुझ्या आजोबांनी शहाद्याहून रेडिमेड शर्ट आणला. तोवर आमचे शर्ट गावातला शिंपी ओट्यावर शिवून द्यायचा, वाढत्या अंगाचे. रेडिमेड शर्टाची घडी मोडायला लागू नये म्हणून मी दोन दिवस तो नुसता उशाशी घेऊन झोपलो. तिसऱ्या दिवशी तुझा पप्पा तो घालून शाळेत गेला. तो तेव्हा दुसरीत. शर्ट गुडघ्यापर्यंत येत होता. मी त्याला मारलं नाही. पप्पांना विचार, मारलं का?

एकच शब्द, पणजीच्या तोंडी ताठ आणि पाककृतीवाल्या बायांच्या तोंडी ओशाळा. शब्दाने काहीच केलं नाही, माणसंच जागा बदलून बसली.

तुझ्या तक्त्याला तिसरी चौकट हवी का, हे मी नजीरभाईलाही विचारलं. नजीर माझा शाळेतला सोबती, शहाद्यात त्याची बेकरी आहे. आमच्याकडे लग्नात, दिवाळीत लोक मैदा, तूप, साखर आपली नेतात आणि त्याच्या भट्टीत नानकटाई भाजून आणतात. मी म्हटलं, "नजीर, ती नानकटाई घरनी का इकतनी?"

तो म्हणाला, "माल तुन्हा, भट्टी मन्ही, आन खाणारा पाव्हना. आपलं दोन्हीसनं काय शे त्याम्हा?"

हे उत्तर बाईंना दाखव. मार्क मिळावेत असं आहे.

तू पुन्हा विचारलंस, आणि यावेळी लिहिलंस की रेंजचं वाक्य वाचताना पप्पा हसले, पण ते चांगलं हसणं नव्हतं. चेतनाने मला त्या वाक्यावरून आठवडाभर टोमणे मारले. चक्कीवर रेंज येते. पूर्ण येते.

बाकी पुढे लिहीन. झोक्यावरच्या मुली चेतनाला हाका मारताहेत आणि तिला आधी याचे फोटो काढायचे आहेत.

मोठा बाबा


लोणखेडा
रविवार, २२ जून २०२५

चि. रेवा,

तुझं शेवटचं पत्र मला जड गेलं. तू सहज लिहिलंस. मम्मी शाळेच्या कार्यक्रमाला केक घेऊन जाते तेव्हा डबा टेबलावर ठेवतानाच सांगून टाकते, इट्स ओन्ली स्टोअर-बॉट. कोणी विचारलेलं नसतं. आणि तू म्हणालीस, मम्मीला उत्तम केक येतो, तरी ती असं का म्हणते ते तुला कळत नाही.

सगळ्यांच्याच आया म्हणत असतील. पण मला त्यात माझा आवाज ऐकू आला. हे पान पप्पांनी थांबत थांबत वाचलं तरी चालेल, पण वाचावं.

आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी. नारळाला देवी मानून नथ, दागिने घालतात, चौरंगावर बसवतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर पोचवतात. तिच्या नैवेद्याला रोट, म्हणजे गव्हाची जाड पोळी, लागतो. त्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. तो कुठेही असो, मुंबईला, फौजेत, ओहायोत. नाव घ्यायचं आणि मूठ टाकायची. मग चक्की धुऊन ते गहू पहिल्याने दळायचे. तो रोट फक्त भाऊबंदांनी, म्हणजे आम्हा पाटलांनीच, खायचा आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा. चक्की आमचीच, त्यामुळे गावातले सगळे रोट माझ्या हातून जातात. याचा मला फार अभिमान होता. तिथेच गोष्ट बिघडली.

आठ वर्षांपूर्वी, तू तीन वर्षांची असताना, कानबाईच्या दिवशी पप्पांचा फोन आला. ओट्यावर तीसेक भाऊबंद बसलेले. मी सगळ्यांना ऐकू येईल असा फोन मोठा केला.

पप्पा म्हणाले, "भाऊ, लॉरानी रोट करात. कानबाई बसाडी. फोटो धाडेल शे."

मी विचारलं, "पीठ कोठलं लिधं?"

"दुकानमाईन."

मी म्हटलं, "इकतना पीठना रोट? मंग कानबाईबी दुकानमाईनच लई उनात का?"

ओटा हसला. सगळे हसले, कारण मी मोठा आणि चक्कीवाला. त्या हसण्यात पलीकडून एका बाईचा आवाज आला, काहीतरी इंग्रजीत. चेतना तेव्हा लहान, पण तिला तेवढं कळलं. तुझी मम्मी विचारत होती, ते काय म्हणाले? पप्पांनी उत्तर दिलं नाही. फोन बंद झाला. तेव्हापासून बंद आहे.

फोटो मी नंतर पाहिला. नारळाला नथ नव्हती म्हणून तुझ्या मम्मीने स्वतःच्या कानातली रिंग त्याला लावली होती. त्या दिवशी तिने उपासही केला होता, हे मायने मागाहून सांगितलं. दुसऱ्या देशात जन्मलेल्या बाईला कोणी सक्ती केली नव्हती. ती आपण होऊन आमच्या देवीपाशी बसली होती आणि मी तिला पिठाचं दुकान विचारलं.

मग माफी का मागितली नाही? आमच्याकडे रीत आहे. नवऱ्याचा मोठा भाऊ म्हणजे जेठ. जेठाने धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नसतं, तिनेही त्याच्यासमोर पदर घ्यायचा. मी आठ वर्षं स्वतःला सांगत आलो की रीत आडवी येते. हसताना मात्र आडवी आली नव्हती.

हे मम्मीला तू तुझ्या शब्दांत सांगशील का? तुझ्यावर ओझं टाकतो आहे, कळतं. नाही सांगितलंस तरी मोठा बाबा रागावणार नाही.

पप्पांच्या नावाची सव्वा मूठ मी एकाही वर्षी चुकवलेली नाही. हे बढाई म्हणून लिहीत नाही. ते त्याला माहीत नसेल, म्हणून लिहितो.

तुझा
मोठा बाबा


लोणखेडा
रविवार, २० जुलै २०२५

चि. रेवा,

महिना होत आला, तुझं पत्र नाही. चेतना म्हणते, पप्पांनी फोटो पाहिलेत, तशा निळ्या खुणा दिसतात. पाहिले म्हणजे वाचले असं नाही, आणि वाचले म्हणजे मोठ्याने वाचले असंही नाही. माझं काही म्हणणं नाही. तुमच्याकडे शाळेला सुट्टी असेल.

इकडे घराला चुना लावणं चाललं आहे. कानबाई ३ ऑगस्टला. आजी रोज एकदा विचारते, "वहानी पोरनं काही उनं का?" आमच्या गावात ओहायोचं 'वहा' झालं आहे. मी नाही म्हणतो. ती म्हणते, "तू रोज फोन देखस, त्यानी बॅटरी उतरी जाई, मानूस नही उतरनार."

मागच्या पत्राचे फोटो काढताना चेतनाने विचारलं, मुलींची मूठ का नाही घेत. मी आजीला विचारलं. वाटलं, रागावेल. ती म्हणाली, "मन्ही मूठ आजपावत कोन्ही मोजी? घ्या. गहू काय कमी शेतस?" यंदा गुरुवारी गहू घेताना चेतनाची, तुझी आणि तुझ्या मम्मीची मूठ घ्यायची, असं ठरलं आहे. दोन-तीन काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आजीने कवळी काढून त्यांच्याकडे पाहिलं. आठ्या गेल्या.

आशीर्वाद.
मोठा बाबा


लोणखेडा
मंगळवार, ५ ऑगस्ट २०२५

चि. रेवा,

कानबाईला काल गोमाई नदीवर पोचवून आलो. जे घडलं ते लगेच लिहितो आहे, कारण गावात त्याच्या चार वेगवेगळ्या गोष्टी फिरायला लागल्या आहेत आणि खरी तुझ्याकडे असावी.

शनिवारी पहाटे चक्की धुतली, अगरबत्ती लावली आणि आपल्या घरचे रोटाचे गहू पहिल्याने दळले. चक्कीतून पीठ निघतं तेव्हा कढत असतं. झाकण लावलं तर आतल्या आत ओलं होतं, म्हणून डबा उघडा ठेवून बाजूला सरकवला. त्यानंतर नजीरभाईच्या घरचे गहू घातले. सुरैय्याभाभींनी सकाळीच पाठवले होते, तसाच स्टीलचा डबा. तोही उघडा ठेवला. आणि मी फोन पाहायला लागलो. निळ्या खुणा. दुसरं काही नाही. तेवढ्यात नजीर स्कूटरवर आला, मी डोळे फोनमध्ये ठेवूनच एक डबा उचलला, झाकण दाबलं आणि त्याच्या पायाशी ठेवला. बत्तीस वर्षांत माझ्या हातून कोणाचा डबा बदलला नव्हता.

रविवारी सकाळी मायने पीठ परातीत ओतलं, चिमूट बोटांत चोळली आणि मला हाक मारली. "लोट्या, हाई आपलं पीठ नही. जाडं शे."

 मी नजीरला फोन लावला. पलीकडे भांड्यांचा आवाज.

"नजीर, कालनं पीठ कोठे शे?"

"पोटम्हा," तो म्हणाला. "रातले रोट्या व्हयन्यात, आते नाश्ता चालू शे. भलतं गोड पीठ शे, भाऊ. कोणता गहू?"

"कानबाईना."

तिकडे भांडी थांबली. रोटाचे गहू म्हणजे काय, हे नजीरला पक्कं ठाऊक आहे. हसणारा माणूस, पण आवाज एकदम बारीक झाला. "अरे भाऊ... हाऊ तर मोठा घोळ व्हयना. आठ जननी खाई टाकं. आते काय करानं?"

मायने फोन माझ्या हातातून घेतला. "नजीर, उरेल शे का?"

"शे ना माय. आरधा डबा शे. लई येऊ का परत?"

"उष्टं कसाले लयस? खाई टाका. पन ध्यान ठेव, पुनवना पहिले संपाडजो."

 नजीर म्हणाला, "माय, म्हंजे आते मी पाटील व्हयनू का?"

माय इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मला हसू येत नव्हतं. घरात गहू होते, पण पहाटेपासून वीज नव्हती. शहाद्यालाही नव्हती, सगळ्या तालुक्याची लाइन बंद. भाऊबंद दुपारी जेवायला येणार. नजीर म्हणाला, मन्हा डबा ठी ले, तेच पीठ वापर. मी मायकडे पाहिलं. तिने मान हलवली. "देवले मांगेल चालत नही. जाय, दुकानमाईन इकत लई ये."

मी म्हटलं, "माय, इकतनं?"

"इकतनं म्हंजे आपलंच ना? दाम दिधा, आपलं व्हयनं."

"पन आपली चक्की शे, माय. लोके काय म्हनतीन?"

तेव्हा ती उठून उभी राहिली. "कानबाई काय तुन्ही चक्कीनं गिऱ्हाईक शे का रे?"

रेवा, मी पिशवी घेऊन शहाद्याला गेलो. मोटारसायकलवरून दहा मिनिटांचा रस्ता. किराणा दुकानदार माझ्या ओळखीचा. त्याने मला पिठाची पिशवी मागताना पाहिलं आणि दोनदा विचारलं, "तुम्हीच घेताय ना?" मी म्हटलं, "मीच. पाच किलोची दे." परत येताना गावातून पिशवी झाकून आणावी असं मनात आलं होतं. मग हँडलला बाहेरून लटकवली.

भाऊबंद जमले. आठ वर्षांपूर्वीचा तोच ओटा, जवळपास तीच माणसं. पिशवी फोडून पीठ परातीत घेतलं आणि मी नावं घेत पुन्हा मुठी भरल्या. गव्हाऐवजी पिठाच्या. तुझ्या पप्पांचं, धर्मेंद्रचं, नाव घेतलं, तुझं घेतलं. तुझ्या मम्मीचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने घेतलं. मग उभा राहून म्हणालो, "याच ओट्यावर मी एका बाईले हसनू व्हतू, इकतना पीठना रोट करात म्हनीसन. तुम्ही मन्हा मांगे हसनात. आज मन्हाच रोट इकतना शे. कोनले हसनं व्हई तर हसी ल्या."

कोणी हसलं नाही. मग रूपसिंगकाका, ज्याच्या आठ्या सगळ्यांत खोल होत्या, तो म्हणाला, "लोटन, भाषण ऱ्हाऊ दे. पीठ मळ, भूक लागनी." मग सगळेच हसले, आणि ते हसणं मला चाललं.

रोट मात्र चिवट झाले. पिशवीतलं पीठ माझ्या हाताला ऐकत नाही. पौर्णिमा शनिवारी आहे आणि आम्ही पाच दिवस दगड चावत बसणार आहोत. देवीने नैवेद्य घेतला असं मानतो. तिचं मन मोठं आहे, दातही चांगले असावेत.

हे सगळं मम्मीला सांग. यावेळी विनंती करत नाही, हक्काने सांगतो.

मोठा बाबा


लोणखेडा
रविवार, १० ऑगस्ट २०२५

चि. सौ. लॉरा यांस,

हे पत्र रेवाच्या नावाने नाही, तुमच्या नावाने लिहितो आहे. तुम्हाला काय म्हणून हाक मारावी हे मला माहीत नाही, कारण कधी मारलीच नाही. घरातल्या धाकट्या सुनेला इथे धाकली म्हणतात, तेही मी कधी म्हटलं नाही. चुकलं तर धर्मेंद्र वाचताना दुरुस्त करेल. तो माझ्यापेक्षा जास्त शिकलेला आहे.

गुरुवारी संध्याकाळी फोन वाजला तेव्हा मी चक्कीचा पट्टा चढवत होतो. नाव पाहिलं आणि पट्टा हातातून सुटला. धर्मेंद्र म्हणाला, "भाऊ." मी म्हणालो, "हां."  मग तोच म्हणाला, "तुन्हा रोट चिवट कसा व्हयना?"

आठ वर्षांनी पहिलं बोलणं हे. मी हसलो, तोही हसला, आणि मग मला तोंडावरून गमछा फिरवावा लागला. पीठ उडतं ना चक्कीत.

त्याने सांगितलं तेव्हा मला कळलं. तुम्ही रोट एकाही वर्षी सोडला नाही. आठही वर्षं, दुकानातल्या पिठाचा, कानातली रिंग घातलेल्या नारळापुढे. मी समजत होतो, माझ्या त्या बोलण्याने तुमच्या घरातली कानबाई उठली. ती कुठेच गेली नव्हती. बंद पडलं होतं ते फक्त मला सांगणं. मायला दरवर्षी ठाऊक होतं, तारीख तीच कळवायची. मी तिला विचारलं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणे, "तू इचारं व्हतं का?"

त्या दिवशी मी जे बोललो त्याची माफी मागतो. रेवाकडून मागितली होती, आता स्वतः मागतो. रीत मोडली असेल तर मोडू दे. देवीसमोर उभं राहून जे बोललो ते देवीसमोर परत घेतलं आहे, तुमच्यासमोर घ्यायचं राहिलं होतं.

मग फोनवर मागून तुमचा आवाज आला. मी सावरून बसलो. धर्मेंद्र म्हणाला, "भाऊ, लॉरा इचारी ऱ्हायनी, पानी कसं टाकं?" मी म्हटलं, नेहमीसारखं, गार. तुम्ही तिकडे काहीतरी म्हणालात आणि रेवा खिदळली. पिशवीतलं पीठ फार बारीक असतं, कोरडं असतं, त्याला गार पाणी चालत नाही, असं तुमचं म्हणणं. कोमट दुधात मळायचं, ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवायचं, मग तुपाचा हात लावून पुन्हा मळायचं. धर्मेंद्र एकेक वाक्य मराठीत सांगत होता आणि मी चक्कीच्या भिंतीवर खडूने लिहून घेत होतो. बत्तीस वर्षं पीठ काढतो आहे. ते थांबू कसं द्यायचं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझं पीठ ताजं, त्याला थांबावं लागत नाही.

शुक्रवारी दळण आणणाऱ्या बायांनी भिंतीवरचं वाचलं. दोघींनी घरी करून पाहिलं. मी अडवलं नाही.

काल पौर्णिमा. चिवट रोट सकाळी संपले एकदाचे. नजीरच्या घरचा डबाही संपला, तसा त्याने मायला रीतसर निरोप दिला. पिशवीत थोडं पीठ उरलं होतं. ते मी तुम्ही सांगितलं तसं मळलं. दूध कोमट, अर्धा तास घड्याळ लावून. रोटाचे दिवस संपले होते, म्हणून साधी पोळी केली. मायपुढे ताटली ठेवली. तिने एक खाल्ली. दुसरी मागितली. ती संपवून बोटं पुसत म्हणाली, "हाई तुन्हा हातनं नही. कोनी शिकाडं?"

मी म्हटलं, "धाकलीनी."

तुमचा जेठ,
लोटन